जात रक्तात शोधणाऱ्यांनी न्यूयॉर्कचे हे संग्रहालय समजून घ्यावे

तरुणांच्या शिबिरात आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. बुद्धिस्ट सर्कलचे शिबिर असो, विहारातला रविवारचा वर्ग असो की जयंतीची बैठक, मागच्या रांगेतला एखादा मुलगा मोबाईल वर करून म्हणतो, "दादा, डीएनए रिपोर्टमध्ये तर सिद्ध झालंय ना, की ते विदेशी आणि आपण मूळचे?" मोबाईलवर एक फॉरवर्ड असतो. संशोधकांची नावे चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेली, खाली तीन उद्गारचिन्हे. मुलगा हुशार असतो, चळवळीबद्दल कळकळ असणारा असतो. त्याला 'असं नसतं रे' म्हणून गप्प बसवणे आम्हाला पटत नाही.

या प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही अलीकडे न्यूयॉर्कच्या एका इमारतीची गोष्ट सांगतो. तिचे नाव अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्री. सिनेमात डायनासोरचे सांगाडे दिसतात, ते हेच. १८६९ साली स्थापन झालेले हे निसर्ग इतिहास संग्रहालय सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला ७९व्या रस्त्याजवळ आहे. तिथून उत्तरेला तीनेक किलोमीटरवर, ११६व्या रस्त्याशी कोलंबिया विद्यापीठ आहे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तिथे शिकत होते. ते या संग्रहालयात गेले होते की नाही, यावर आमचा काही दावा नाही. पण या इमारतीत सुरू झालेला एक मोठा वाद ते ज्या वर्गात बसत होते तिथपर्यंत पोहोचला होता, आणि तो वाद आपल्या मुलाच्या प्रश्नाचाच होता: माणसामाणसांतला उच्चनीच भाव जन्माने, रक्ताने येतो की समाज तो घडवतो?

आधी हे संग्रहालय लोकांच्या काय कामाचे, ते पाहू. जमीन आणि इमारत शहराची, संग्रह विश्वस्तांचा, अशी त्याची रचना पहिल्यापासून आहे. पैसा श्रीमंतांनी घातला, पण करदात्यांचाही वाटा असल्याने लोकांना हक्क सांगता आला. सुरुवातीला शहरातली मोठी संग्रहालये रविवारी बंद असत, कारण रविवार देवाचा. आता कामगाराला सुट्टी रविवारचीच. मग तो पाहणार कधी? मागणी वाढली, धार्मिक मंडळींचा विरोध मागे पडला आणि १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला रविवारी दारे उघडली. आपल्याकडे कोणते सार्वजनिक ग्रंथालय कामगाराच्या वेळेला उघडे असते, याचा हिशेब वाचकांनी आपापल्या गावात लावून पाहावा.

१९०८ च्या हिवाळ्यात याच इमारतीत क्षयरोगाचे मोठे प्रदर्शन भरले. तेव्हा न्यूयॉर्कच्या चाळींत इटालियन, ज्यू, आयरिश स्थलांतरित दाटीवाटीने राहत होते आणि क्षयाने मरत होते. अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या खोल्यांच्या प्रतिकृती मांडून रोग कसा पसरतो हे लोकांना दाखवले. ते पाहायला लाखो लोक आले. पुढे १९१० साली संग्रहालयाने सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र विभागच काढला आणि त्यावर चार्ल्स-एडवर्ड विन्स्लो यांना नेमले. डास आणि घरमाशी यांच्या कित्येक पटींनी मोठ्या केलेल्या प्रतिकृती तिथे ठेवल्या गेल्या. जिवंत जिवाणूंचा साठा तयार करून तो प्रयोगशाळांना आणि शिक्षणसंस्थांना मोफत पुरवला गेला. निसर्गाच्या इतिहासात डायनासोर येतो तशी शेजारच्या गटारातली माशीही येते, असे मानणारे हे विज्ञान होते. बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये होते त्याच वर्षांत हे काम जोरात होते.

आजही ते काम वेगळ्या रूपात चालते. २००४ पासून शहरातल्या सरकारी शाळांच्या माध्यमिक वर्गांसाठी 'अर्बन ॲडव्हान्टेज' नावाचा उपक्रम आहे. त्यात संग्रहालय, प्राणिसंग्रहालय, वनस्पती उद्यान अशा संस्था एकत्र येऊन शिक्षकांना प्रशिक्षण देतात. विद्यार्थी स्वतः प्रश्न ठरवतो, नोंदी घेतो, प्रयोग करतो. त्याला घरच्यांना सोबत घेऊन येण्यासाठी प्रवेशपत्रिकाही मिळतात. ही शेवटची गोष्ट आम्हाला विशेष वाटते. पहिल्या पिढीतल्या शिकणाऱ्या मुलाला एकट्याला अशा भव्य इमारतीत शिरताना काय वाटते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आई सोबत असली की पायरी चढता येते. न्यूयॉर्क राज्यातल्या रहिवाशाला तिकीटही ऐपतीप्रमाणे देता येते. संग्रहालयाला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार आहे आणि तिथे शाळांसाठी विज्ञान शिक्षक तयार होतात.

ब्रॉन्क्समध्ये वाढलेला एक कृष्णवर्णीय मुलगा नऊ वर्षांचा असताना या संग्रहालयाच्या तारांगणात गेला, आकाश पाहून थक्क झाला, पुढे तिथल्याच वर्गांना बसला. त्याचे नाव नील डिग्रास टायसन. १९९६ पासून ते त्याच तारांगणाचे संचालक आहेत.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण ती इथेच थांबवली तर आम्ही तुम्हाला फसवल्यासारखे होईल.

१८९७ साली ध्रुवप्रदेशाचा संशोधक रॉबर्ट पिअरी याने ग्रीनलँडहून सहा इनुइट माणसे न्यूयॉर्कला आणली. एखादा इनुइट माणूस अभ्यासासाठी आणा, असे त्याला संग्रहालयातील मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी सुचवले होते. या माणसांना संग्रहालयातच ठेवले. काही महिन्यांत त्यांपैकी चौघे क्षयाने गेले. एक परत गेला. उरला मिनिक नावाचा सहा-सात वर्षांचा मुलगा. त्याचे वडील किसुक वारले तेव्हा मुलासमोर दफनाचा देखावा करण्यात आला. पुरले ते प्रेत नव्हते. वडिलांची हाडे संग्रहालयात गेली होती. मिनिकला हे पुढे कळले, त्याने अस्थी मागितल्या. त्या त्याला मिळाल्या नाहीत. १९१८च्या साथीत तो मेला. ती हाडे ग्रीनलँडला परत गेली १९९३ साली. क्षयाचे प्रदर्शन भरले ती हीच इमारत, आणि क्षयाने मेलेल्या माणसाची हाडे तेव्हा तिच्याच साठ्यात होती.

हे लिहिताना आमचीही अडचण होते, कारण बोआस हे आपल्या बाजूचे नाव आहे. १९०५ मध्ये त्यांनी संग्रहालय सोडले आणि कोलंबियात पूर्णवेळ शिकवले. अमेरिकेत वंशश्रेष्ठतेच्या कल्पनेवर विज्ञानाच्या अंगाने सर्वात मोठा घाव त्यांनी घातला. त्या काळी डोक्याच्या आकारावरून वंश ठरवत आणि हा आकार पिढ्यानपिढ्या बदलत नाही असे मानत. बोआस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या हजारो स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचे मोजमाप आईबापांपेक्षा वेगळे निघाले. म्हणजे ज्याला पक्का वंश म्हणत होते तो परिस्थितीप्रमाणे एका पिढीत हलत होता. ज्या माणसाने मिनिकच्या बाबतीत डोळेझाक केली त्याच माणसाने हे केले. दोन्ही खरे आहे.

बोआस यांचे एक विद्यार्थी डॉ. गोल्डनवायझर कोलंबियात मानवशास्त्र शिकवत. त्यांच्या परिसंवादात ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जयंतीला आपण या निबंधाचे नाव घेतो, पण आत काय आहे हे किती जणांनी वाचले आहे? त्या काळचा मोठा अधिकारी अभ्यासक रिस्ले. १९०१च्या जनगणनेचा आयुक्त. त्याचे म्हणणे असे की नाकाची रुंदी मोजा, जातीची पायरी कळेल. नाक जितके रुंद तितकी जात खाली. बाबासाहेबांनी जातीचे मूळ वर्णात आणि वंशात शोधणारी ही दिशाच नाकारली. जातीचे मर्म त्यांनी सांगितले ते जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत. एका गटाने दार लावून घेतले, मग बाकीच्यांनीही लावून घेतले किंवा त्यांना ते बंद मिळाले, अशी त्यांची मांडणी आहे. ही समाजाने केलेली व्यवस्था आहे, म्हणून समाजाला ती मोडता येते. जात रक्तात असती तर ती मोडायचा प्रश्नच उरला नसता.

बाबासाहेब भारतात परतले, आणि त्या संग्रहालयात मात्र वारे उलटे वाहू लागले. १९०८ पासून अध्यक्षपदी हेन्री फेअरफिल्ड ऑसबर्न होते. जीवाश्मांचे गाढे अभ्यासक, आणि उत्तर युरोपीय वंश श्रेष्ठ मानणारे. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने संग्रहालयात सुप्रजननशास्त्राची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सुप्रजननशास्त्र म्हणजे 'चांगल्या' माणसांनी मुले जन्माला घालावीत, 'हलक्या' माणसांना रोखावे असे सांगणारा विचार. तक्ते, नकाशे, मोजमापे मांडून ते विज्ञान म्हणून लोकांना दाखवले गेले. १९२४ साली अमेरिकेने स्थलांतराचा कडक कायदा केला, त्याला या मंडळींचे पाठबळ होते. १९३२ मध्ये तिसरी परिषदही इथेच झाली. नंतर जर्मनीत याच विचाराचे काय झाले ते जगाला माहीत आहे.

आपल्या वाचकांना इथे एक खटला आठवावासा वाटतो. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्व मागितले. त्यांच्या बाजूने युक्तिवाद काय? तर आपण उच्च जातीचे, आर्य, म्हणून गोरे. न्यायालयाने तो फेटाळला. वंशाच्या शिडीवर वरची पायरी मागणाऱ्याला ती शिडीच उपयोगी पडली नाही.

सुप्रजननाचा हा वाद बाबासाहेबांनी सोडून दिला नव्हता. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विच्छेदन'मध्ये, जातीमुळे वंश शुद्ध राहिला म्हणणाऱ्यांना त्यांनी विज्ञानाच्याच भाषेत उत्तर दिले आहे. भारतात शुद्ध वंश उरलेलाच नाही, सर्व गटांत मिश्रण आहे, हे तिथे स्पष्ट आहे. 'शूद्र पूर्वी कोण होते?' (१९४६) मध्ये त्यांनी आर्य वंशाने बाहेरून येऊन जिंकून घेतल्याचा सिद्धांत खोडून काढला. 'अस्पृश्य मूळचे कोण?' (१९४८) मध्ये तर नाकाच्या मोजमापांची आकडेवारीच समोर ठेवली आणि दाखवले, की या मोजमापाने ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. रिस्लेचीच फूटपट्टी घेऊन रिस्लेचा निष्कर्ष मोडला.

आता मागच्या रांगेतल्या मुलाकडे येतो. त्याच्या फॉरवर्डमागे बहुधा २००१ सालचा एक शोधनिबंध असतो. तो अभ्यास आंध्र प्रदेशातल्या काही जातींतल्या सुमारे अडीचशे पुरुषांचा होता. त्यात उच्च जातींच्या पित्याकडील वारशात युरोपीय गटांशी जास्त साम्य दिसले, आणि मातेकडील वारसा मात्र बहुतांशी आशियाई निघाला. त्यावरून 'ते विदेशी, आपण मूळचे' अशी सरळ रेघ निघत नाही. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी जास्त मोठा अभ्यास केला. २०१३ च्या त्यांच्या निबंधात सत्तरहून अधिक भारतीय गटांचे नमुने होते. निष्कर्ष असा: साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात लोकसमूहांची मोठी सरमिसळ झाली. जवळजवळ सर्व गट तिच्यात आले, आपणही आणि तेही. त्यानंतर सरमिसळ थांबली आणि गटातल्या गटात लग्ने सुरू झाली. मिश्रणाचे प्रमाण सगळीकडे सारखे नाही, काही उच्च जातींत वायव्येकडून आलेला वारसा जास्त आहे, हे नाकारायचे कारण नाही. पण शुद्ध कोणीच नाही. आणि जनुकांत जे उमटले ते दार बंद झाल्याचे चिन्ह, म्हणजे १९१६ मध्ये बाबासाहेबांनी कोलंबियात सांगितलेली गोष्ट.

ज्यांना 'मूळचे' हा शब्द आत्मसन्मानाचा वाटतो त्यांच्या भावनेबद्दल आम्हाला आदर आहे. पण आपण रक्ताचा दाखला काढू लागलो की ऑसबर्नच्या परिषदेतली खुर्ची आपण आपणहून ओढून घेतो. कालामांना भगवंतांनी जो उपदेश केला, तो आपल्या सोयीच्या फॉरवर्डलाही लागू आहे, हे आम्ही त्या मुलाला सांगतो. तो लगेच मान्य करतो असे नाही. वाद घालतो. घालू द्यावा.

त्या संग्रहालयाने स्वतःच्या चुकांचे काय केले, हे त्यामुळेच पाहण्यासारखे आहे. २००७ मध्ये तिथे मानवाच्या उगमाचे नवे दालन उघडले. त्यात जीवाश्म आणि डीएनए शेजारी शेजारी मांडून सगळ्या माणसांचे मूळ आफ्रिकेत आहे, हे शाळकरी मुलाला कळेल असे दाखवले आहे. दुसऱ्या एका दालनात १९३९ चा देखावा आहे: डच गव्हर्नर आणि त्याला भेटायला आलेले मूळनिवासी लेनापे लोक. गोरे पूर्ण कपड्यांत, लेनापे अर्धनग्न, त्यांच्या बायका पाठीमागे ओझी वाहताना. २०१८ मध्ये संग्रहालयाने तो देखावा काढला नाही. काचेवरच मोठ्या अक्षरांत लिहिले, की यात अमुक गोष्ट चूक आहे, प्रत्यक्षात असे होते. दारापुढे थिओडोर रूझवेल्ट यांचा घोड्यावरचा पुतळा १९४० पासून होता. घोड्याच्या दोन्ही बाजूंना पायी चालणारे एक कृष्णवर्णीय आणि एक मूळनिवासी. वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर जानेवारी २०२२ मध्ये तो हलवण्यात आला.

२०२३ मध्ये संग्रहालयाच्या अध्यक्षपदी शॉन डिकेटर आले, त्या पदावरचे पहिले आफ्रिकन अमेरिकन. त्याच वर्षी त्यांनी जाहीर केले, की संग्रहात सुमारे १२ हजार व्यक्तींचे मानवी अवशेष आहेत आणि प्रदर्शनातले सर्व अवशेष काढून घेतले जातील. त्या साठ्यात गुलामांच्या दफनभूमीतून काढलेल्या कृष्णवर्णीयांची हाडे होती, आणि १९४०च्या दशकातल्या गरीब न्यूयॉर्ककरांचीही, ज्यांच्या प्रेतावर दावा सांगणारे कोणी नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये, मूळनिवासींच्या वस्तू त्यांच्या संमतीशिवाय मांडता येणार नाहीत असा नवा केंद्रीय नियम लागू झाला, तेव्हा तिथली दोन मोठी दालने बंद झाली. शाळेच्या सहलींना ती आता दिसत नाहीत. काही लोक नाराज झाले. आम्हाला मात्र वाटते, मुलांना त्या बंद दारासमोर उभे करून 'हे का बंद आहे?' एवढेच विचारले तरी समाजशास्त्राचा एक तास होतो. हे सगळे संग्रहालयाला आपणहून सुचले असे समजू नये. मूळनिवासी संघटना, विद्यार्थी, कार्यकर्ते यांनी दशकानुदशके रेटा लावला, कायदा करायला लावला, तेव्हा झाले.

आपल्याकडे नागपुरात १८६३ चे मध्यवर्ती संग्रहालय आहे, आपण त्याला अजब बंगला म्हणतो. दीक्षाभूमीला येणारी कित्येक कुटुंबे तिथेही जातात. पेंढा भरलेला वाघ मुले पाहतात आणि आदिवासी दालनातून भराभर बाहेर पडतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे निसर्ग विभागाचे दालन आहे, आणि २०१५ पासून त्यांची फिरती संग्रहालय बस शाळांपर्यंत जाते. या जागा आपल्याही आहेत. कराचा पैसा आपलाही आहे. तिथल्या पाट्या वाचायला, चूक वाटली तर लेखी कळवायला, आणि ज्या समाजाच्या वस्तू मांडल्या त्या समाजाला कोणी विचारले होते का, असा माहिती अधिकारात अर्ज करायला कोणाची हरकत नाही. चळवळीतले तरुण पुतळ्यांच्या प्रश्नावर तत्पर असतात, संग्रहालयातल्या पाटीकडे मात्र कोणी पाहत नाही.

आणि डीएनएचा आपल्या खऱ्या उपयोगाचा भाग वेगळाच आहे. विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासींत आणि आपल्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के. वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो, म्हणून लग्न जुळवताना कोणी विचारत नाही. लग्न तर जातीतल्या जातीतच. पत्रिका आपण पाहणे सोडले, हे चांगले झाले. रक्ततपासणीचा कागद मात्र अजून मागत नाही. विन्स्लो यांनी माशी मोठी करून दाखवली तसे हे कोणीतरी दाखवायला हवे.

आमच्या अभ्यासिकेतल्या नववीच्या मुलींनी ते करून पाहिले. लाल आणि पांढऱ्या मण्यांच्या दोन वाट्या, एक आईची, एक बाबांची. प्रत्येकीत दोन रंगांचे मणी अर्धे अर्धे. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक मणी उचलायचा. दोन्ही लाल आले की बाळ आजारी. विहाराच्या व्हरांड्यात टेबल मांडले होते. वंदना संपल्यावर आज्या, मावश्या रांगेत उभ्या राहून मणी उचलत होत्या. एका मावशींना पहिल्याच खेपेला दोन लाल आले. त्या म्हणाल्या, "पुन्हा उचलते." मुलगी म्हणाली, "उचला मावशी, पण बाळ परत नाही बदलता येत." मागच्या रांगेतला तो फॉरवर्डवाला मुलगा तेव्हा मण्यांचा हिशेब वहीत लिहून घेत होता.